एक गंजी, दोन दावेदार

दसऱ्याला घोड्याची पूजा होते आणि वसुबारसेला गाईवासराची. पंचांगात या दोन सणांमध्ये अंतर अवघे सतरा तिथींचे. याच दिवसांत, शहरातल्या माणसाच्या ध्यानीमनीही नसते असे एक काम डोंगरउतारांवर, माळांवर आणि गायरानांत सुरू होते. विळ्यांना धार लागते आणि वर्षाचे गवत कापायला माणसे उतरतात. आपण घरात चकलीचा सोऱ्या धुऊन पुसून ठेवीत असतो, त्या वेळी तिकडे पुढच्या आठ महिन्यांचे भवितव्य पेंढ्यापेंढ्यांनी बांधले जात असते. ज्या जनावराच्या कपाळाला आपण कुंकू लावतो, ते येत्या वैशाखात उभे राहील की बसेल, हे बरेचसे या दिवसांतच ठरते.

मराठ्यांचा इतिहास मी वर्गात वीसेक वर्षे शिकवीत आलो आहे. क्रमिक पुस्तकात तलवार येते, भाला येतो, किल्ला येतो. घोडा तर पानापानावर येतो. मात्र तो घोडा खातो काय, हे कुठेच येत नाही. एकदा सहावीतल्या एका मुलाने उभे राहून मला हेच विचारले, आणि मी ‘हरभरे’ असे उत्तर देऊन वेळ मारून नेली. उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. चंदी ही घोड्याची वरची मेजवानी. त्याचे पोट भरते ते गवताने. आणि तेही कसल्याही गवताने नव्हे.

गवत ‘कसले’ आहे हे ओळखण्याची विद्या मी पुस्तकात शिकलो नाही. माझ्या आजोळी एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचा जन्म गवताच्या व्यापारात गेलेला. ते गंजीपाशी गेले की प्रथम काहीच बोलत नसत. बाहेरचे गवत उन्हाने पांढरे पडलेले असे, त्याकडे ते पाहतही नसत. दोन पेंढ्या बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घालीत आणि डोळे मिटून क्षणभर थांबत. मी विचारले तेव्हा म्हणाले, “मास्तर, गंजीचं तोंड बघू नका, पोट बघा. हाताला ऊब लागली तर दुसऱ्या गंजीकडं चला.”

त्या एका वाक्यात जे आहे, ते आज शास्त्रही सांगते. गवत पुरते वाळण्यापूर्वी रचले, की आत राहिलेल्या ओलीवर सूक्ष्म जंतू पोसतात आणि गंजी तापू लागते. शंभर भागांत पंधराच्या आसपास ओल असली तर धोका नाही. तिच्या पुष्कळ वर गेली की बुरशी आलीच. फारच ओले रचले तर गंजी आतल्या आत इतकी तापते की कुणी काडी न लावता पेट घेते. ते म्हातारे गृहस्थ ओल मोजायला मूठभर गवत घेऊन त्याला दोरीसारखा पीळ देत. काडी कटकन मोडली तर उत्तम. वळली, दमट लागली, तर अजून दोन उन्हे हवीत. पण चुरा होऊन पाला हातात आला तर तेही वाईट. कारण कस असतो तो पाल्यात. नुसत्या काड्यांची पेंढी म्हणजे वजनाला भारी आणि पोटाला हलकी.

मग वास. चांगल्या गवताला एक गोडसर, सावलीत वाळवलेल्या पाल्यासारखा वास येतो. कुबट वास आला की आत बुरशी. आणि एक फसवा वास आहे, गूळ जरा करपल्यासारखा. गंजी तापून गवत तपकिरी झाले की तो येतो. गंमत अशी, की जनावर ते गवत आवडीने खाते. पण उष्णतेने त्यातले सत्त्व असे बांधले गेलेले असते, की खाल्लेले अंगी लागत नाही. शेवटी पेंढी उन्हाच्या कवडशात धरून झटकायची. पांढरी धूळ उडाली तर ती पेंढी घोड्यापुढे टाकायची नाही. टाकलीच तर खोकला आणि दमा हे ठरलेले.

हे ‘घोड्यापुढे’ म्हणणे महत्त्वाचे आहे. गाईबैलांच्या पोटाला चार कप्पे. खाल्लेले आत मुरते, पुन्हा तोंडात येते, सावकाश रवंथ होऊन परत जाते. त्यामुळे भाताचा पेंढा, कडब्याचे बुडखे, पावसात भिजून काळवंडलेले गवत, यांतूनही बैल काहीतरी काढून घेतो. (घेतो म्हणून ते त्याला द्यावे असे नाही, देतो खरे आपण.) घोड्याचे पोट एकपदरी. शिवाय त्याला ओकारी येत नाही. नासलेला घास एकदा आत गेला की तो पोटशूळ घेऊनच बसतो, आणि धडधाकट घोडे रात्रीतून जाते. गवताची पहिली प्रत घोड्याला आणि उरलेली बैलाला, ही वाटणी अशी निसर्गानेच करून ठेवली आहे. तिच्यावरून पुढे माणसांमाणसांत काय झाले, तेच मला सांगायचे आहे.

त्याआधी आपल्या मुलखाची एक अडचण समजून घेतली पाहिजे. गवताचा कस सर्वांत चांगला असतो ते फुलोऱ्यात असताना, दाणा भरण्यापूर्वी. आपल्या माळावरच्या गवतात त्या वेळी प्रथिने शंभरात पाचसात भाग भरतात. तेच गवत उभ्याउभ्या पिवळे पडले की दोनतीनच उरतात. आता हा फुलोरा येतो कधी? भाद्रपद-आश्विनात. म्हणजे उत्तरा संपत आलेली, हस्त तोंडावर, आणि परतीचा पाऊस केव्हा येईल याचा भरवसा नाही! कापावे तर भिजते, थांबावे तर वठते. विलायतेतला शेतकरी ऐन उन्हाळ्यात, उजेडाच्या लांबलचक दिवसांत गवत वाळवतो. आपल्याकडे गवत उत्तम असते तेव्हा ऊन नसते, आणि ऊन येते तेव्हा गवत म्हातारे झालेले असते. या दोहोंमधली आठदहा दिवसांची फट ज्याला सापडली, त्याची गंजी साधली.

त्यातही जाती. पवन्या, मारवेल, डोंगरी ही नावे शेतकऱ्याला पाठ असतात. मारवेल घोड्याला आणि गाईला सारखीच प्रिय. हरळी, जिला आपण गणपतीपुढे दूर्वा म्हणतो, ती तर घोड्याच्या चाऱ्यात मानाची. कुसळी मात्र लबाड. कोवळेपणी उत्तम चारा. पण पिकली की तिच्या दाण्याला भाल्यासारखे टोक येते आणि ते जनावराच्या हिरड्यांत, जिभेत, मेंढरांच्या तर कातड्यात शिरते. म्हणून कुसळ धरण्याआधी तरी कापावी, नाहीतर कुसळ गळून गेल्यावर तरी. आणि रोशासारख्या सुगंधी गवताला गुरे तोंड लावीत नाहीत. व्यापारी मात्र ते पेंढीच्या मध्ये बेमालूम घालतो. म्हणून पेंढी सोडून पाहायची.

आता इतिहासाकडे वळू.

राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची जी बखर लिहिली, तिच्यात लष्कराचे वर्षाचे वेळापत्रक दिले आहे. पावसाळा आला की लष्कराने आपल्या मुलखात छावणीला यावे; तेथे दाणा, वैरण, औषधे, घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे तयार असावीत; आणि दसरा होताच कूच करावे. दसऱ्याचे सीमोल्लंघन आपण पराक्रमाच्या भाषेत सांगतो. ते तसे होतेच; पण ते गवताचेही वेळापत्रक होते. नद्या उतरलेल्या, वाटा कोरड्या, आणि जिकडे जावे तिकडे उभे गवत तयार. पावसाळ्याचे चार महिने मात्र घोडे एका जागी बांधलेले, आणि त्यांचे पोट सारे साठवणीवर.

ही साठवण मोडली तर काय होते, याविषयी शिवाजी महाराजांचे एक पत्र सुदैवाने शिल्लक आहे. राज्याभिषेकाच्या आधीचे, १६७३-७४ च्या सुमाराचे. चिपळूणजवळ पागेचा मुक्काम होता. तेथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना ते लिहिले आहे. कोकणातला पावसाळा डोळ्यांपुढे आणावा. एकदा आभाळ फुटले की चार महिने वाळलेली काडी मिळायची नाही. आणि अशा जागी लष्कराने आधीच साठ्याला हात घातलेला. महाराज बजावतात, की आता हाताला येईल तसे दाणा-गवत उडवाल, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या दारी जाल. कोणी दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजी. असे होऊ लागले की जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत ते परागंदा होतील, आणि त्यांना मोगलांपेक्षाही तुम्हीच वाईट वाटाल.

यापुढचा भाग मला वाचताना दर वेळी थांबवतो. राजा आपल्या अंमलदारांना आगीविषयी लिहितो. कोणी स्वयंपाक करील, कोणी भलत्याच जागी चूल घालील, कोणी चिलमीसाठी विस्तव नेईल, गवत पडले आहे की वारा सुटला आहे हे पाहणार नाही. गवताच्या गंजीला तो लहळी म्हणतो. एका लहळीत ठिणगी पडली की साऱ्या जातील. मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना दटावले तरी घोड्यांच्या निवाऱ्यासाठी एक लाकूड मिळणार नाही. आणि रात्री दिवा जळत ठेवाल, तर उंदीर पेटती वात पळवून नेईल, तेवढ्यासाठी निजतेवेळी दिवे विझवा!

उंदराने वात पळवणे ही गोष्ट ज्याने गवताच्या छपराखाली रात्र काढली आहे त्यालाच सुचते. राज्यकर्त्याच्या पत्रांत मोहिमा असतात, तह असतात, सनदा असतात. उंदीर सहसा नसतो. पण माझ्या मते या पत्राचे मर्म आगीतही नाही. मर्म हे, की पागेतली गंजी संपली तर पुढची गंजी कुणाची, हे महाराजांनी ओळखले होते. ती कुणब्याची. त्याच्या बैलाची. घोड्याने बैलाची वैरण खाल्ली की बैल बसतो, बैल बसला की मृगाला नांगर चालत नाही, आणि नांगर चालला नाही की पुढल्या वर्षी ना दाणा ना कडबा; म्हणजे घोडाही गेला. हे चक्र ज्याला दिसले तो राजा साठ्याच्या मापाबद्दल इतक्या पोटतिडिकेने लिहितो. गवताच्या प्रतीबद्दल पत्रात अक्षर नाही. ते सांगावे लागत नव्हते. कापणाऱ्याला ठाऊक होते.

पुढच्या शतकात फौजा वाढल्या, दूर गेल्या, आणि पत्रातली ती शिस्त पातळ होत गेली. बखरींत ‘कही’ हा शब्द वारंवार भेटतो. कही म्हणजे छावणीसाठी वैरण आणि लाकूडफाटा गोळा करायला निघालेली टोळी. फारसीत गवताच्या काडीला ‘काह’ म्हणतात, त्यावरून तो आला. कही बाहेर पडली, की तिला गवत राजाचे की रयतेचे हे दिसत नसे. आणि ‘घासदाणा’ हा तर चक्क कर होऊन बसला. घोड्यांच्या घासाचा आणि दाण्याचा खर्च म्हणून तो बाहेरच्या मुलखातून वसूल होई. गुजरात-काठेवाडात त्याची आठवण फार काळ राहिली, आणि ती प्रेमाची नव्हती. आपल्या अभिमानाच्या इतिहासात हा शब्द आपण हलक्या आवाजात उच्चारतो. मला तो मोठ्याने उच्चारावासा वाटतो. घास हा शब्द ज्या भाषेत आईच्या हाताशी जोडलेला आहे, त्याच भाषेत त्याचा कर झाला.

आणि मग पानिपत. १७६० च्या नोव्हेंबरापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, अडीच महिने, भाऊसाहेबांची फौज एका जागी अडकून पडली. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. वैरण आणि लाकूडफाटा आणायला रात्री बाहेर पडलेल्या छावणीतल्या गोरगरीब नोकरांची कत्तल झाली. हजारो घोड्यांच्या छावणीभोवतीचे गवत किती दिवस पुरणार? पानिपतच्या पराभवाची कारणे परीक्षेत विचारली की मुले पाच सांगतात, सहा सांगतात. ‘गनिमी काव्याचा त्याग’ पहिले असते. उपाशी घोड्यावर बसून कुठलाच कावा चालत नाही, हे कारण मी अलीकडे त्यांच्या वहीत पहिल्या क्रमांकावर लिहवून घेतो. तपासनीस काय म्हणतील ते म्हणोत.

इंग्रजांनी हा धडा चांगला गिरवला. आर्थर वेलस्ली १८०३ मध्ये पुण्याकडे आला, त्या वेळचा त्याचा पत्रव्यवहार पाहावा. लढायांइतकेच बैल आणि वैरण यांनी तो भरलेला आहे. त्यांच्या रिसाल्यात घोड्यामागे मोतद्दार असे, आणि त्याच्या जोडीला गवत आणणारा माणूस. हिंदुस्थानीत त्याला घसियारा म्हणत. हातात खुरपे, पाठीवर जाळे. सकाळी निघायचे, बांधाबांधावरची हरळी मुळासकट खरवडायची, माती झटकायची, आणि संध्याकाळी भारा टाकायचा. गवताची खरी पारख या माणसापाशी. कुठल्या पलटणीचे नाव कुठल्या लढाईच्या स्तंभावर कोरले आहे हे आपल्याला सांगता येते. घसियाऱ्याचे नाव कुठेच कोरलेले नाही.

१८८९ मध्ये सरकारने अलाहाबादेला लष्करी शेत काढले. अशी शेते पुढे अनेक छावण्यांना झाली. गवत पेरायचे, वेळेवर कापायचे, दाबून गठ्ठे बांधायचे. कागदावर पाहिले तर काम नमुनेदार. पण गंजीचा दुसरा दावेदार तिकडे उपाशीच होता. १८७८ च्या कायद्याने डोंगर जंगलखात्याकडे गेले, चराईला दाम पडू लागले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गायराने आणि राने जंगलखात्याच्या घशात गेल्याची तक्रार फार तळमळीने मांडली आहे. शिवकालीन पत्रातला कुणबी परागंदा होईल अशी भीती होती. फुल्यांच्या पुस्तकातला कुणबी घरीच आहे. त्याचा बैल मात्र कुंपणाबाहेर उभा आहे.

खुद्द मुंबईत जरा फिरून आले तरी ही हकीकत पायाखाली सापडते. चर्नी रोड हे नाव चरणीवरून पडले. १८३८ मध्ये सरकारने गुरे चारण्यावर फी बसवली, तेव्हा गरिबांची गुरे तुटली. म्हणून जमशेटजी जिजीभाईंनी ठाकुरद्वाराजवळ २०,००० रुपयांची जमीन घेऊन ती चराईला मोकळी केली, अशी ती हकीकत. लोकलच्या त्या स्थानकावर आज लाखो लोक उतरतात आणि कुणाला गाय आठवत नाही. शिवडीकडे ‘हे बंदर’ आहे. तो ‘हे’ आपला नव्हे, साहेबाच्या भाषेतला गवताचा शब्द आहे. १८७४ ते १९०५ मुंबईची ट्रॅम घोड्यांनी ओढली. त्या शेकडो घोड्यांच्या आणि त्याहून कितीतरी अधिक म्हशींच्या पोटाला ठाणे जिल्ह्याचे डोंगर पुरले. वाडा, पालघर, वसई या बाजूला गवताच्या वखारी उभ्या राहिल्या, दाबाच्या यंत्रात गठ्ठे होऊ लागले. आणि डोंगर कापणारा आदिवासी भाऱ्यावर मजुरी घेऊन घरी परतू लागला. त्याच्या घरावरही गवतच होते, पण ते दुय्यम प्रतीचे.

आज घोड्यांच्या पागा गेल्या. लष्करी शेतेही सरकारने ३१ मार्च २०२१ रोजी कायमची बंद केली. दावेदारांपैकी एक असा निघून गेला. आता गंजी सगळी बैलाची व्हायला हवी होती. पण नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, गायराने घरांनी आणि गाजरगवताने भरली. गवताची पारख लागते ती आता दुष्काळात. २०१२-१३ साली माणदेशात गुरांच्या छावण्या पडल्या होत्या. मी तिथे दोन दिवस होतो. ट्रकमधून चारा उतरत होता. उसाचे वाढे, लांबून आलेला कडबा, काही पेंढ्या काळ्या पडलेल्या. घेणारे रांगेत उभे होते, आणि रांगेत उभ्या असलेल्याला पारख करण्याची मुभा नसते, ही गोष्ट मला तिथे कळली.

तरी एक बाई होत्या. साठीच्या असतील. वाट्याला आलेली पेंढी त्यांनी उचलली, नाकाशी नेली, उन्हात धरून झटकली. धूळ उडाली. वाटणाऱ्या पोराकडे त्या काही बोलल्या नाहीत. बाजूला बसून त्यांनी पेंढी सोडली, एकेक काडी निवडू लागल्या. चांगल्या काड्या गाईपुढे, काळ्या मागे. मी विचारले, “मावशी, एवढं निवडत बसलात तर संध्याकाळ होईल.”

“व्हऊ द्या की,” त्या म्हणाल्या. “गाभण हाय ती.”